कोऱ्या पाण्याचा रकाना

मोठ्या बाईंना निवृत्त व्हायला सव्वीस दिवस उरले होते, आणि त्यांच्या खुर्चीसाठी दोघंजण बाहेरच्या बाकावर येऊन बसले होते.

मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले होते दोघं. मुलगा टेकडीवरच्या विद्यापीठाचा, मुलगी नदीकाठच्या. तसं काही कपाळावर लिहिलेलं नव्हतं. पण धाकट्या साहेबांनी दोघांच्या अर्जांवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, अगदी वरच्या कोपऱ्यात, नावाच्याही वर. एकावर 'टेकडी'. दुसऱ्यावर 'नदीकाठ', आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह.

"ही नदीकाठची कोणी बोलावली?" साहेबांनी सकाळी विचारलं होतं.

"मी बोलावली."

"तुम्ही पण ना, मावशी!"

चारचौघांत ते त्यांना बाई म्हणत. दार बंद असलं की मावशी. शाळेतून येऊन प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर पाय हलवत बसायचे, तेव्हापासूनची मावशी. तेव्हा मोठे साहेब, म्हणजे त्यांचे वडील, होते. आता मोठे साहेब फोटोत होते आणि प्रयोगशाळा धाकट्यांकडे होती. धाकटे शिकले होते धंद्याचं, पाण्याचं नव्हे. पण माणूस वाईट नव्हता. पगार एक तारखेला व्हायचा.

प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या. पाणी तपासायचं काम. विहिरींचं, टाक्यांचं, कारखान्यांच्या बॉयलरचं, दवाखान्यांचं. बाटल्या यायच्या, चिठ्ठ्या लागायच्या, आकडे निघायचे आणि रिपोर्टावर शिक्का बसायचा. त्या शिक्क्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे. शिक्क्याच्या वर सही असायची ती मोठ्या बाईंची. सदतीस वर्षं.

मोठ्या साहेबांनी एक नियम घालून दिला होता. नोकरी मागायला येईल त्याला एक बाटली द्यायची. आत कुठलं पाणी आहे ते सांगायचं नाही. त्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, किती, एवढंच मोजून द्या म्हणायचं. आदल्या दिवशी बाईंनी तेच पाणी स्वतः मोजून आकडा एका कार्डावर लिहायचा, कार्ड पाकिटात घालायचं, पाकीट चिकटवायचं. उमेदवाराचा आकडा पाच इकडे किंवा पाच तिकडे असेल तर पुढचं बोलणं, नाहीतर चहा पाजून रवानगी. अशा पन्नासेक बाटल्या तरी बाईंनी आजवर भरल्या असतील.

फक्त त्यांची स्वतःची बाटली तेवढी कोणी भरली नव्हती.

तो दिवस बाईंना काल घडल्यासारखा आठवायचा. बावीस वर्षांचं वय, बहिणीची उसनी चप्पल, ती पुढून अर्धा बोट मोठी. मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या?"

"नदीकाठच्या," त्या म्हणाल्या.

"अरे वा! मग बाटली कशाला? बसा. चहा घेणार ना?"

झालं. एवढीच मुलाखत. तेव्हा नदीकाठ म्हणजे नदीकाठ होतं. तिथल्या दगडी जिन्यावर नुसतं बसून आलेल्या माणसालाही लोक उठून खुर्ची देत. टेकडीवर तेव्हा चार पत्र्याच्या खोल्या आणि एक पाण्याची टाकी होती. टेकडीच्या मुलांना 'डोंगरी माल' म्हणायचे. बाई दुसऱ्या वर्गात पास झाल्या होत्या, आणि सगळी प्रात्यक्षिकं त्यांच्या जोडीदारणीने केली होती. बाई फक्त आकडे वहीत उतरवून घ्यायच्या, कारण अक्षर सुरेख. कोणी काही विचारलंच नाही म्हणून ही गोष्ट कोणाला कळली नाही. नोकरी लागली त्या दिवसापासून तीन महिने सगळ्यांच्या आधी तासभर येऊन त्या एकट्याच नळाचं पाणी मोजत बसायच्या. पुन्हा पुन्हा. बोटांना थेंब ओळखता येईपर्यंत.

मग आठ वर्षांपूर्वी नदीकाठच्या परीक्षा विभागात गुणपत्रिका वाढवून देणारी माणसं सापडली. वर्तमानपत्रांत आठवडाभर तेच. तेव्हापासून नदीकाठचं नाव निघालं की लोक ओठ मुरडू लागले. कार्यालयाच्या भिंतीवर बाईंची पदवी चौकटीत लावलेली होती, ती रंगकामाच्या वेळी काढली आणि परत काही लागली नाही. रिपोर्टाच्या शेवटच्या पानावर मात्र बाईंच्या नावापुढे पदवीचं साल साहेबांनी जाड अक्षरात छापायला लावलं होतं. "म्हणजे बघणाऱ्याला कळतं, बाई. घोटाळ्याच्या कितीतरी आधीचं."

बाकावरची मुलगी त्या घोटाळ्याच्या वेळी शाळेत असेल. तिच्या अर्जात बाईंना आवडण्यासारखं विशेष काही नव्हतं. फक्त शेवटी एक ओळ होती: 'प्रात्यक्षिकं मी एकटीने केली, कारण आमच्या वर्गात संख्या विषम होती.' बाई ती ओळ वाचून बराच वेळ बसल्या आणि मग अर्ज बोलावणाऱ्यांच्या गठ्ठ्यात सरकवून दिला.

मुलगा आधी आत आला. उंच, नीटनेटका, बोलायला गोड. बाटली धुणाऱ्या तात्यांनाही "नमस्कार काका" म्हणाला; तात्या तिथेच विरघळले. हात सफाईदार होता त्याचा. पंचवीस मिली पाणी घेतलं, तेवढंच डिस्टिल्ड पाणी ओतून ते दुप्पट केलं, रंगाची चिमूट टाकली, पाणी डाळिंबी झालं. ब्युरेटमधून, त्या तोटीच्या मोजनळीतून, द्रावणाचे थेंब सोडत गेला, आणि डाळिंबीचं निळं झालं त्या थेंबाला थांबला. पाऊण तासात तीनदा मोजून कागद दिला.

साहेबांनी पाकीट फाडलं. कार्डावर तीनशे बारा. कागदावर तीनशे बारा.

"क्या बात है!" साहेब म्हणाले. "टेकडी!"

मग मुलगी. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले. आल्या आल्या तिने पिपेट उजेडाकडे धरून बघितली.

"घाण नाहीये ती," तात्या म्हणाले. "मी धुतलीय. स्वतः."

"नाही हो काका, सवय आहे."

"असू दे, असू दे. साहेबसुद्धा चहाचा कप असाच बघतात."

ती हसली नाही; कामाला लागली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "अजून एक फ्लास्क मिळेल का?"

"एकाला एकच देतो आपण," तात्या म्हणाले. "फ्लास्क काय झाडाला लागतात?"

"तात्या, द्या," बाई लांबून म्हणाल्या. गुडघा दुखत होता म्हणून त्या बसून होत्या. मुलगी पाठमोरी होती, दुसऱ्या फ्लास्कमध्ये काय करतेय ते त्यांना दिसत नव्हतं, आणि उठून बघावं असंही वाटलं नाही. खरं तर अलीकडे कशासाठीच उठावंसं वाटत नसे.

मुलीचा कागद आला. दोनशे अठ्ठ्याऐंशी.

साहेबांनी कार्ड पाहिलं, कागद पाहिला, आणि कागद बाईंच्या पुढ्यात टाकला. "चोवीसचा फरक."

"सर, खाली लिहिलंय मी," मुलगी म्हणाली. "तुमच्या डिस्टिल्ड पाण्यात..."

"आमच्या पाण्यात?" साहेबांना खरोखरच हसू आलं. "अहो, पाणी तपासणाऱ्यांच्या पाण्यात खोट काढताय? ह्या कार्डावरचा आकडा कोणाचा आहे माहितीये? ह्या बाईंचा. सदतीस वर्षं झाली, कोणी एक आकडा परत पाठवलेला नाही."

मुलीने बाईंकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. वर्गात शिक्षकांनी फळ्यावर चुकीचं लिहिलं की समोरच्या बाकावरचं मूल जसं वाट बघत बसतं, तसं.

"कळवू आम्ही तुम्हाला," बाई म्हणाल्या.

ती गेली. जाताना दोन्ही फ्लास्क विसळून पालथे घालून गेली.

"नदीकाठ," साहेब म्हणाले, आणि पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडून तिथे फुली मारली.

दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर बाईंनी तो कागद पुन्हा उचलला. चौकटीतल्या आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कोऱ्या पाण्याचे ०.६ मिली वजा केले.'

कोरं पाणी हा मोठ्या साहेबांचा शब्द. नमुन्याचं पाणी न घेता नुसतं डिस्टिल्ड पाणी मोजायचं. त्यात काहीच नसायला हवं. रंगाची चिमूट टाकली की ते थेट निळं व्हायला हवं, थेंबाचीही गरज पडू नये. रोज सकाळी पहिलं काम ते, आणि रजिस्टरात त्याचा वेगळा रकाना: 'कोरं'. आपलं पाणी आधी स्वच्छ आहे का बघा, मग दुसऱ्याचं मोजा, असं मोठे साहेब म्हणायचे आणि त्या रकान्यावरून बोट फिरवायचे.

बाई उठल्या. डिस्टिल्ड पाण्याच्या मोठ्या बाटलीतून पंचवीस मिली घेतलं, चिमूट टाकली.

पाणी डाळिंबी झालं.

ब्युरेटला हात लावायची गरज नव्हती. पण त्यांनी मोजलं. शून्य पूर्णांक सहा. दुसऱ्यांदा, शून्य पूर्णांक सहा. जडपणात धरले तर नेमके चोवीस. म्हणजे कार्डावरचा तीनशे बारा खोटा होता. मुलाचाही खोटा होता, तंतोतंत तितकाच खोटा, कारण दोघांनी एकाच बाटलीतलं पाणी ओतलं होतं आणि दोघांनीही तिच्याकडे बघितलं नव्हतं. मुलीने बघितलं होतं.

त्यांनी रजिस्टर काढलं. 'कोरं'च्या रकान्यात आजची तारीख, पुढे शून्य. काल शून्य. परवा शून्य. सुरेख अक्षर, एकाखाली एक, मोजपट्टी लावल्यासारखी शून्यं. आज सकाळी त्यांनी कोरं पाणी मोजलं नव्हतं. कालही नाही. त्या पानं उलटत मागे गेल्या. ह्या दिवशी मोजलं होतं का? गुडघा सुजला तेव्हा? डोळ्याचं ऑपरेशन झालं त्यानंतर? कुठलं शून्य खरं आणि कुठलं हाताच्या सवयीने पडलेलं, ते त्यांना त्यांच्याच अक्षरात ओळखू येईना.

"तात्या," त्यांनी हाक मारली, "डिस्टिल्डचं यंत्र ठीक चाललंय ना?"

"झकास चाललंय! मागल्या सोमवारपासून तर बाटल्या दुपारच्या आत भरतात. आधी संध्याकाळ व्हायची. म्हटलं, सुधारलं बिचारं."

बाई यंत्राशी गेल्या. वाफ थंड करणाऱ्या काचेच्या नळीला केसासारखी चीर गेली होती. बाहेरून फिरणारं नळाचं पाणी त्या चिरेतून आत झिरपत होतं आणि डिस्टिल्ड म्हणून बाटलीत पडत होतं. तात्यांना वाटलं, यंत्राला बरं वाटलं.

"मला काय माहीत, बाई," तात्यांचा चेहरा उतरला.

"तुमचं नाही काही. माझं आहे."

मागल्या सोमवारपासून चौदा रिपोर्ट गेले होते. त्यांत जीव जाण्यासारखं काही नव्हतं. आकडे थोडे चढे, इतकंच. कोणाला कळलंही नसतं. नवीन नळी बसवली, की उद्यापासून सगळं पूर्ववत. फुली मारलेला अर्ज कपाटात गेला असता, आणि सव्वीस दिवसांनी बाईंना शाल नाहीतर घड्याळ मिळालं असतं.

घरी थोरली बहीण सामान बांधायला आली होती. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, एकटी, बाईही एकट्याच. निवृत्तीनंतर दोघींनी बहिणीच्या घरी राहायचं ठरलं होतं. बाईंच्या घरातली अर्धी भांडी खोक्यांत गेली होती आणि सगळ्या खोक्यांवर ताईंच्या टपोऱ्या अक्षरात काय काय आहे ते लिहिलेलं होतं.

"तू गप्प बसलीस?" सगळं ऐकून ताई म्हणाल्या.

"हो."

"ती बघत होती आणि तू गप्प बसलीस."

"मला तेव्हा ठाऊक नव्हतं गं."

"पण वाटलं होतं ना काहीतरी?"

बाईंनी पाव चहात बुडवला. तो तुटून आत पडला. "वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण उठायचा कंटाळा आला."

ताईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. त्या शाळेत असताना ह्या बघण्याने अख्खा वर्ग गार व्हायचा. पण बोलल्या त्या वेगळंच. "सव्वीस दिवस राहिलेत. सांगितलंस तर शाल जाईल."

"शालींचं काय करायचंय? तुझ्याकडेच कपाटभर पडल्यात."

"नाव जाईल म्हणते मी."

"कुठलं नाव, ताई? मला ती नोकरी नावावरच मिळाली. कोणी बाटली दिली नाही मला. आणि त्याच नावापायी त्या पोरीची बाटली कोणी खरी मानेना. दोन्ही वेळा कोणी पाण्याकडे बघितलं नाही. मग त्या नावाला मी काय धुऊन पिऊ?"

ताई उठल्या, चमचा आणला आणि बाईंच्या कपातला पाव काढून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी साहेबांच्या खोलीत जाऊन दार लावलं. टेबलावर रजिस्टर ठेवलं, मुलीचा कागद ठेवला आणि एक फ्लास्क ठेवला. फ्लास्कमध्ये डाळिंबी पाणी होतं.

"हे काय, मावशी?"

"आपलं डिस्टिल्ड. हे निळं असायला हवं."

साहेबांना समजायला दोन-तीन मिनिटं लागली. समजल्यावर ते आधी उठून दार पुन्हा एकदा लावून आले.

"किती रिपोर्ट?"

"चौदा."

"कोणाकोणाला माहितीये?"

"मला. तात्यांना. आणि त्या मुलीला. पहिल्यांदा तिलाच."

"आणि हे रजिस्टर? इथे तर रोज शून्य आहे."

"ते मी न मोजता लिहिलंय."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. उंच स्टुलावर पाय हलवणारं पोर क्षणभर त्या चेहऱ्यात दिसलं. मावशी चुकते हे त्या पोराला कोणी सांगितलं नव्हतं.

"कधीपासून?" त्यांनी हळू विचारलं.

"आठवत नाही रे." बाईंच्या तोंडून कितीतरी वर्षांनी अरे-तुरे निघालं. "तेच तर वाईट आहे. मला आठवत नाही."

बाहेर तात्या बाटल्या विसळत होते; काचेवर काच वाजल्याचा आवाज येत होता.

"रिपोर्ट परत मागवायचे म्हणजे..." साहेब म्हणाले. "मावशी, आपलं दुसरं आहे काय? आपण काय विकतो? नाव विकतो. एकदा गेलं की संपलं."

"नदीकाठचं गेलं तसं."

"टोमणे मारू नका आता."

"टोमणा नाही. तिथेही कोणीतरी असंच न बघता लिहीत बसलं असेल. सुरुवात अशीच होत असेल." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "नळीला चीर गेली होती असं लिहा. खरंच आहे ते. चौदाही परत तपासून देतो, फुकट देतो. पत्रावर माझी सही घाला. पण त्या मुलीच्या कागदावरची फुली खोडा. आकडा तिचा बरोबर आहे."

साहेबांनी मुलीचा अर्ज काढला.

"मला कळतंय, ती हुशार आहे. मला कळून उपयोग नाही ना! कारखानेवाले शेवटचं पान उलटतात, मावशी. शिकलेत कुठे ते बघतात. मागे एकाने तपासणाऱ्यांच्या नावांची यादी नदीकाठ बघून परत पाठवली होती, ठाऊक आहे तुम्हाला. प्रत्येकाच्या घरी मी तिला फ्लास्क घेऊन पाठवू का?" आणि मग खालच्या आवाजात, "त्या मुलाचं पत्र काल संध्याकाळीच गेलंय."

"चुकला होता तो."

"तुमच्याइतकाच चुकला होता. आणि तुम्हाला आम्ही सदतीस वर्षं ठेवलंय."

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर त्यांना खोडरबर घासल्याचा आवाज आला. साहेब फुली खोडत होते. पुसल्यावर तिथे त्यांनी 'दोन' असा आकडा घातला.

खरं बोलून एवढंच झालं. मुलगी पहिली आली नाही, दुसरी आली.

पुढचे चार दिवस बाई आणि तात्या चौदा नमुने परत तपासत होते. नवी नळी बसली. पत्रं गेली. कोणी रागावलं नाही. दोघांनी तर फोन करून शाबासकी दिली, इतका प्रामाणिकपणा आजकाल कुठे दिसतो म्हणून. शाबासकी साहेबांनी घेतली. बाईंना फोनवर बोलवायला निघाले होते, त्यांनी हातानेच नको म्हटलं.

पाचव्या दिवशी टेकडीवरच्या मुलाचा फोन आला. खूप आभारी आहे म्हणाला, पण मोठ्या कंपनीत काम मिळालंय. पगार दीडपट, शिवाय गाडी न्यायला येते. बोलला मात्र गोड. तात्यांनाही नमस्कार सांगितला.

"तिसरा," साहेब म्हणाले. मागच्या चार वर्षांत ह्याला धरून टेकडीची तीन मुलं अशीच निसटली होती. एक तर जेवणाच्या सुट्टीत गेला तो परत आला नाही. "आपण त्यांच्यासाठी बस येईपर्यंतचा बाक आहोत, मावशी."

बाई गुडघा चोळत राहिल्या.

"तिला बोलावू म्हणता?"

"मी काय म्हणणार?"

"बोलावू. पण शेवटच्या पानावर तिचं नाव नाही येणार. निदान वर्षभर. काम तिचं, सही तुमची." त्यांनी बाईंकडे न बघता पेन्सिल फिरवली. "म्हणजे तुम्ही राहिलात तर. तुमचं साल चालतं अजून."

बाईंच्या डोळ्यांपुढे खोकी आली. 'ताटं, वाट्या'. 'चादरी'. 'तुझी पुस्तकं, जड आहेत, तूच उचल'. पहाटे उठायचं नाही, बस पकडायची नाही, कोणाच्या पाण्याशी काही देणंघेणं नाही, ह्या एका विचारावर त्या गेलं वर्षभर तग धरून होत्या. आणि गंमत बघा, त्या मुलीचा आणि त्यांचा पदवीचा कागद एकाच छापखान्यातून आलेला. एकीचा आता कोणाला नको आणि दुसरीचा जाड अक्षरात हवा.

"वर्षभर," त्या म्हणाल्या. "एक दिवस जास्त नाही."

ताईंनी ऐकलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ताटं परत काढायची." आणि काढायला लागल्या.

सोमवारी मुलगी आली. बाई आधीच येऊन बसल्या होत्या, पूर्वीसारख्या तासभर आधी. मुलीने पिशवी ठेवली, हात धुतले, आणि कोणी न सांगता डिस्टिल्डच्या बाटलीकडे गेली. चिमूट टाकली. निळं. फ्लास्क आणून तिने बाईंना दाखवला, मग रजिस्टर उघडलं आणि 'कोरं'च्या रकान्यात पहिलं शून्य लिहिलं. अक्षर गचाळ होतं.

"त्या दिवशी," बाई म्हणाल्या, "तू बोलत होतीस तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"पत्र मिळालं मला. तुमच्या सहीचं, माझा आकडा बरोबर होता म्हणणारं." मुलगी पेनाचं टोपण लावत म्हणाली, "कोणी लिहीत नाही असं पत्र. आईला वाटलं, नोकरीचंच आहे. पेढे वाटायला निघाली होती."

"आणि मग?"

"मग वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर होतीस तर मग घरी का बसलीयेस?"

तात्या मागून खुदकन हसले. बाईंनाही हसू आलं, पण ते वर येईपर्यंत दमलं.

"तुम्हीपण नदीकाठच्याच ना, बाई? तुमच्या वेळी काय विचारलं होतं मुलाखतीत?"

"चहा घेणार का, ते."

मुलीला ती थट्टा वाटली. बाईंनी तिला थोडा वेळ तसंच वाटू दिलं. मग त्या स्टुलावरून खाली उतरल्या, रिकामी बाटली शोधली आणि तिच्या हातात दिली.

"ह्यात पाणी भर. कुठलंही. कुठलं ते मला सांगू नकोस. तू मोजून आकडा कार्डावर लिही, पाकिटात घाल. मग मी मोजते."

"कशाला?"

"तुझ्या कामाखाली वर्षभर माझी सही जाणार. त्या सहीला डोळा आहे का, ते तुला ठाऊक असायला हवं. नसेल तर साहेबांना जाऊन सांग. मी सांगितलं म्हणून सांग."

मुलीने तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी खांदे उडवले. मग ती बाटली घेऊन पलीकडच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं तिने, अगदी नियमाप्रमाणे.

अर्ध्या तासाने बाटली आणि चिकटवलेलं पाकीट टेबलावर आलं. बाईंनी चष्मा पुसला. पिपेट उजेडाकडे धरून बघितली. पंचवीस मिली घेतलं, डिस्टिल्ड घातलं, चिमूट टाकली. पाणी डाळिंबी झालं. खिडकीतला उजेड फ्लास्कमागे येईल असं त्या उभ्या राहिल्या आणि ब्युरेटची तोटी हळू फिरवली. थेंब. थेंब. बावीस वर्षांच्या असताना ज्या बोटांनी हे शिकून घेतलं होतं त्याच बोटांनी त्या आता थेंब मोजत होत्या. डाळिंबीत जांभळं मिसळलं. अजून एक. अजून अर्धा. आणि तो अर्धा थेंब सोडताना तोटी हातातून जराशी सरकली, तीन थेंब एकदम पडले आणि पाणी निळं झालं.

मुलगी बघत होती. तात्या बघत होते, हातातली बाटली तशीच धरून.

"पुढे गेलं," बाई म्हणाल्या.

त्यांनी तो आकडा वहीत लिहिला, त्यावर आडवी रेघ मारली, फ्लास्क विसळला आणि पुन्हा पंचवीस मिली पाणी घेतलं.